आयसीयू पोस्टिंगनंतर इच्छामरण योग्य वाटू लागलं, तर मी नर्सिंगला लायक नाही का?

प्रश्न विचारणारी मुलगी नवी मुंबईत बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयसीयू पोस्टिंगमध्ये तिने व्हेंटिलेटरवरच्या एका आजींना बरेच दिवस पाहिलं. हात बांधलेले, पाठीवर बेडसोर (पडून राहून झालेल्या जखमा), बऱ्या होण्याची आशा नाही, आणि मुलगा म्हणतोय 'सगळं करा'. नंतर वर्गात इच्छामरणावर चर्चा झाली तेव्हा ती बाजूने बोलली. मैत्रीण म्हणाली हे पाप आहे. मॅडम म्हणाल्या, नर्स जीव वाचवण्यासाठी असते. आता रिसर्च प्रोजेक्टसाठीही तिने हाच विषय घेतलाय, विद्यार्थ्यांचा इच्छामरणाकडे बघण्याचा दृष्टिकोन. आणि तिला प्रश्न पडलाय की आपल्यातच काही खोट आहे का.

मी आधी आयसीयूत होते. नंतर ठाणे ते पनवेल पट्ट्यात घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याचं, काम करत आले, आणि विद्यार्थिनींच्या पोस्टिंगही बघते. तुला 'तू' म्हणते, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या असतात. उत्तर लांबणार आहे.

आधी तुझी मुख्य काळजी. लायक आहेस. त्या पलंगाशी उभं राहून ज्या मुलीला काहीच वाटत नाही, तिची मला जास्त काळजी वाटते. पण तू जे पाहिलंस त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, तिथे मात्र मला तुला थोडं थांबवायचंय.

तू लिहिलंयस, 'आजी डोळ्यांनी काहीतरी सांगत होत्या.' मग मला पुढचं विचारायचंय. त्यांच्या वेदनेची नोंद चार्टवर होती का? बोलू न शकणाऱ्या पेशंटची वेदना मोजायच्या पद्धती आहेत. चेहरा आक्रसतो का, हात आखडतात का, व्हेंटिलेटरशी झगडा चाललाय का, हे बघून आकडा लिहिता येतो, आणि तो आकडा लिहिला की डॉक्टरांना औषधाबद्दल विचारता येतं. हात बांधले होते तर दर किती वेळाने सोडून बघत होते? सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, पुरेसं होतं का? बेडसोरचं ड्रेसिंग करण्याआधी वेदनाशामक दिलं जात होतं का? मुलाला एका खुर्चीवर बसवून कुणी सांगितलं होतं का, की 'सगळं' म्हणजे नेमकं काय काय, आणि त्यातून आईला काय मिळणार आहे?

माझा अंदाज असा की यातल्या बऱ्याच गोष्टी झाल्या नसाव्यात. तुला जे बघवलं नाही ते हे होतं. हाल थांबावेत असं तुला वाटलं, आणि हाल थांबवायचा एकच रस्ता समोर दिसला, म्हणून तू इच्छामरणाच्या बाजूने बोललीस. विद्यार्थिनींमध्ये मला हे कायम दिसतं. आयसीयू किंवा कॅन्सर वॉर्डातून परत आल्या की त्या तावातावाने बाजूने बोलतात. त्याच मुलींना नीट चाललेल्या पॅलिएटिव्ह विभागात नेलं, की त्यांचं बोलणं बदलतं. मत उलटतंच असं नाही, पण त्या आधी 'याला आणखी काय देता येईल' हे विचारायला लागतात.

आता वर्गातल्या चर्चेबद्दल. 'इच्छामरणाच्या बाजूने की विरोधात' असं विचारलं की चार अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. मरण यावं म्हणून मुद्दाम इंजेक्शन देणं, ही एक. ते भारतात गुन्हा आहे. डॉक्टरने केलं, नर्सने केलं, पेशंटने स्वतः हात जोडून मागितलं, तरी गुन्हाच. दुसरी गोष्ट, ज्याचा काही उपयोग उरलेला नाही असा जीवरक्षक उपचार सुरू न करणं किंवा काढून घेणं. याला सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या अरुणा शानबाग निकालात तत्त्वतः वाट दिली. ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात सन्मानाने मरण हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत बरीच सोपी केली. तिसरी, हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न) करायचा नाही असा आधीच ठरवलेला लेखी निर्णय. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आणि चौथी गोष्ट, वेदना किंवा दम लागणं कमी व्हावं म्हणून मॉर्फिन देणं. हा तर सरळ उपचार आहे, त्याचा इच्छामरणाशी संबंधच नाही.

तुझ्या मैत्रिणीला विचारून बघ, व्हेंटिलेटर न लावता वेदना कमी करून आजींना घरी जाऊ देणं हेही पाप का? बहुतेक ती नाही म्हणेल. आणि तुला कुणी विचारलं, 'तू स्वतः भरलेली सिरिंज आजींच्या लाइनमध्ये ढकलशील का?' तर तूही क्षणभर थांबशील. म्हणजे तुम्ही दोघी वाटता तितक्या लांब नाही आहात.

दुसरी आणि तिसरी गोष्ट करताना नर्सने काय सांभाळायचं, ते इथेच सांगते, कारण गोत्यात विद्यार्थिनी आणि ज्युनियर स्टाफ येतात. 'याला सीपीआर नको हं' असं कुणी कॉरिडॉरमध्ये तोंडी सांगितलं तर त्यावर चालायचं नाही. फाइलमध्ये लेखी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने, पेशंटशी किंवा नातेवाइकांशी बोलणं झाल्याच्या नोंदीसह हवं. उपचार काढून घ्यायचा असेल तर दोन मेडिकल बोर्ड लागतात. पहिल्या बोर्डात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. मत शक्यतो ४८ तासांत द्यावं असं न्यायालयाने म्हटलंय. आणि लेखी निर्णय नसेल, तर नातेवाइकांना दाखवण्यापुरता नाममात्र सीपीआर करायचा, हे कधीही करू नकोस. त्यात पेशंटचाही अपमान आहे आणि तुझ्या हातांचाही.

मॅडम जे म्हणाल्या त्यामागे अरुणा शानबाग असणार. आपल्याकडे या विषयावर नर्सिंगच्या वर्गात तोंड उघडलं की पहिलं नाव तेच येतं, आणि यायलाच हवं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच वॉर्डबॉयने हल्ला केला, आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत ती भान हरपलेल्या अवस्थेत त्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात होती. नर्सेसच्या किती पिढ्यांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. तिचं अन्न थांबवावं ही याचिका न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, आणि तिच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या स्टाफला दिला. त्यावरून अनेकांनी 'नर्सेस इच्छामरणाच्या विरोधात असतात' असा अर्थ काढला. मला तो अपुरा वाटतो. त्या नर्सेस न्यायालयात सांगत होत्या की हिला आम्ही सांभाळतोय, आणि सांभाळत राहू. आपल्या कामाबद्दल याहून मोठं विधान मला माहीत नाही. पण अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून तर २०१८ चा निकाल महत्त्वाचा. अठरा वर्षांवरची, शुद्धीत असलेली कुणीही व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते की अशी वेळ आली तर मला काय नको, आणि माझ्या वतीने कुणी निर्णय घ्यावा. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती अट २०२३ मध्ये गेली. त्याची प्रत महापालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. तू हे लिहायचा मसुदा एकदा स्वतः वाचून बघ. एकविसाव्या वर्षी विचित्र वाटेल, पण स्वतःबद्दल ते चार प्रश्न सोडवून बघितल्यावर पेशंटशी बोलताना आवाज बदलतो.

पाप-पुण्याच्या मुद्द्यावर मैत्रिणीशी वाद घालू नकोस. आपल्या मातीत या विषयावर एकच मत कधीच नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या समाधीला आपण आळंदीला जाऊन नमस्कार करतो. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्नपाणी आणि औषध सोडून देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. जैनांमध्ये सल्लेखना, म्हणजे उपवास करत देह सोडणं, आहे. त्याच वेळी 'भोग भोगूनच संपवायचे' असं मनापासून मानणारी घरंही आपलीच आहेत, आणि तुझ्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरांना जीव देणारा आणि नेणारा एकच वाटतो. देशोदेशीच्या अभ्यासांतही विद्यार्थ्यांच्या मतावर धार्मिक श्रद्धेचा परिणाम दिसतोच. ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्याजवळ. वॉर्डात एकच अट: ते पेशंटच्या अंगावर टाकायचं नाही. 'मागच्या जन्मीचं असेल काहीतरी' हे वाक्य मरणाऱ्या माणसाच्या कानावर पडता कामा नये.

माझं स्वतःचं मत विचारशील तर सांगते. निरुपयोगी उपचार थांबवण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. इंजेक्शन देऊन मरण आणण्याचा कायदा मात्र आज आपल्याकडे नको, असं वाटतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून आहे, कॅनडात २०१६ पासून. पण आपल्याकडे मॉर्फिनची गोळीसुद्धा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा सुधारून ती मान्यताप्राप्त संस्थांना ठेवणं सोपं केलं, तरी खूप घरांपर्यंत ती पोचत नाही. आणि बिलाचा आकडा घरातल्या प्रत्येक बोलण्यात बसलेला असतो. वेदना कमी करायची सोय नाही आणि पैसे संपलेत, अशा वेळी 'मला सोडवा' म्हणणाऱ्या माणसाने ते मोकळ्या मनाने ठरवलं, असं मी कशी मानू? ही परिस्थिती बदलली तर माझं मतही कदाचित बदलेल. तुझं आजच वेगळं असू शकतं, आणि ते असताना तू उत्तम नर्स होऊ शकतेस.

परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, ते मान्यच करायला हवं. शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर आणि अपघातानंतर व्हेंटिलेटरवर असलेला पंचविशीतला मुलगा, यांना एक माप लावता येत नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये हॉस्पिटल बेड भाड्याने आणलेला असतो, ब्युरोची मावशी चोवीस तास असते. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत पेशंटची कॉट बाहेरच्या खोलीत दाराशी, आणि त्याच खोलीत नातवाचा अभ्यास. दोन्ही घरांत चांगलं मरण शक्य आहे, मी पाहिलंय, पण तयारी वेगळी लागते.

आता एक प्रसंग तुझ्यावर नक्की येणार, म्हणून त्याची तयारी आत्ताच कर. कुणीतरी नातेवाईक तुझा हात धरून म्हणेल, 'सिस्टर, एखादं इंजेक्शन देऊन सोडवा हो यांना.' नव्या मुली घाबरून 'असं बोलू नका' म्हणतात आणि निघून जातात. निघून जाऊ नकोस. बस, आणि विचार, 'आत्ता या क्षणी तुम्हाला सगळ्यात जास्त काय बघवत नाहीये?' जवळजवळ नेहमी उत्तर नेमकं असतं. वास. कण्हणं. बिल. किंवा रात्रीचा श्वासाचा आवाज.

कोपरखैरण्याच्या अशाच एका घरात मुलीने मला हे म्हटलं होतं. तिला वडिलांच्या घशातली घरघर ऐकवत नव्हती, तिला वाटत होतं ते गुदमरतायत. मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, डोकं थोडं वर घेतलं. डॉक्टरांना फोन करून ग्लायकोपायरोलेट, म्हणजे लाळ कमी करणारं औषध, विचारलं आणि त्वचेखालच्या बटरफ्लाय सुईतून दिलं, कारण शीर मिळणं केव्हाच बंद झालं होतं. नळी घालून खोलवर सक्शन केलं नाही, त्याने त्रासच जास्त होतो. मग तिला सांगितलं की शुद्ध हरपलेल्या माणसाला गिळता येत नाही, म्हणून लाळ घशात राहते आणि आवाज होतो. बघ, कपाळावर आठी नाही, हात सैल आहेत, त्यांना आपल्याइतका त्रास होत नाहीये. इंजेक्शनाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिला पुढचा प्रश्न होता, तुळशीचं पान आणि गंगाजल घालू का?

हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात येतो, म्हणून पाठच करून ठेव. चमचाभर पाणी तोंडात ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाही म्हणायचं नाही. कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून, पिळून, ओठांवरून आणि जिभेच्या टोकावरून फिरवायला द्यायचा. तुळशीचं पान ओठांना लावायचं. तोंडाची निगा तर आपण दर दोन तासांनी करतोच, त्यातली एक वेळ घरच्यांची. आणि 'उपाशी कसं ठेवायचं?' असं विचारतील तेव्हा सांग की शरीर बंद होत असताना भूक लागत नाही, जबरदस्तीने ट्यूबमधून दिलेलं अन्न पोट फुगवतं, छातीत जातं. अन्न थांबलं म्हणून माणूस जात नाहीये, माणूस जायला लागलाय म्हणून अन्न नकोसं झालंय.

मॉर्फिनबद्दल तुझ्या मनातही भीती असेल, स्टाफच्या मनातही असते. थोड्या डोसपासून सुरू करून वेदनेप्रमाणे वाढवलं तर मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. त्याच्यासोबत बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं, हे मात्र हमखास विसरलं जातं, आणि मग पेशंट वेदनेऐवजी पोटासाठी कण्हतो.

आणखी एका गोष्टीबद्दल मला राग आहे, तो इथे लिहितेच. आपल्याकडे आयुष्याच्या शेवटाचे कितीतरी निर्णय चर्चेने होत नाहीत. ते एका सहीने होतात: 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे.' पैसे संपतात, कुणी काही समजावत नाही, सही होते, आणि पेशंट रुग्णवाहिकेतून घरी जातो. हातात वेदनेचं औषध नाही, फोन करायला नंबर नाही. कुणी याला इच्छामरण म्हणत नाही, कुठल्या बोर्डापुढे हे जात नाही, पण शेवटचे दिवस सगळ्यात वाईट याच माणसांचे जातात. अशी सही होताना तू तिथे असशील, तर डॉक्टरांना विचार: वेदनेचं आणि दम लागण्याचं औषध लिहून देता का? घरच्यांना सांग, पुढे श्वास कसा बदलेल, हातपाय गार कसे पडतील. आणि जवळचा फॅमिली डॉक्टर आजच गाठून ठेवायला सांग, कारण घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये डॉक्टरनेच द्यावा लागतो. तो नसेल तर स्मशानात अडतं, आणि रात्री तीन वाजता दाखला देणारा डॉक्टर शोधत फिरणाऱ्या मुलाचे हाल मी बघितलेत.

आतापर्यंतचं तुझ्या प्रोजेक्टला जोडते. तू हालांना नाही म्हणत होतीस, आणि वर्गात चार गोष्टी एकत्र विचारल्या गेल्या. तुझ्या प्रश्नावलीत हीच गफलत होऊ देऊ नकोस. 'तुम्ही इच्छामरणाच्या बाजूने आहात का?' असा एकच प्रश्न टाकलास तर उत्तरं मिळतील, पण कशाबद्दलची ते कळणार नाही. आधी ज्ञान तपास: मॉर्फिन देणं, व्हेंटिलेटर काढणं, सीपीआर न करणं, प्राणघातक इंजेक्शन, यातलं इच्छामरण कोणतं आणि भारतात कायदेशीर काय. मग छोटे प्रसंग देऊन मत विचार.

मरणासन्न पेशंटच्या काळजीबद्दलच्या दृष्टिकोनासाठी फ्रॉमेल्ट यांची १९९१ ची मोजपट्टी आहे, ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ती इच्छामरणाबद्दलचं मत मोजत नाही, हे लक्षात ठेव, गाइडनाही दाखव. अर्धी विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात, तिथे विद्यार्थी घोटाळा करतात. मराठी भाषांतर दोघींकडून स्वतंत्रपणे करून घे आणि ताडून बघ. वय, धर्म, वर्ष यांच्या जोडीला दोन प्रश्न जरूर घाल: तुम्ही आजवर पेशंटचा मृत्यू जवळून पाहिलाय का, आणि पॅलिएटिव्ह केअर प्रत्यक्ष चालताना पाहिली आहे का? माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा जीव या दुसऱ्या प्रश्नात आहे. एथिक्स कमिटीची परवानगी घे. फॉर्मवर रोल नंबर नको आणि ते तुमच्या मॅडमनी गोळा करायला नकोत. मुली मग शोभणारी उत्तरं देतात, खरी देत नाहीत.

जमलं तर डेटा गोळा करण्याआधी स्वतः एक दिवस बघून ये. परळला टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून चालू असलेलं शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण. कॉलेजच्या लेटरहेडवर परवानगीचं पत्र लागेल, ते या आठवड्यातच मॅडमकडून घे, आणि त्यांनाही सोबत चला म्हण.